बचावपटूच्या नावाचा चषक आणि मस्कतमधले नऊ दिवस

…आणि मी भरलेली कळशी घेऊन आत येते तर मधल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तांब्या, दोन पेले, आमटीची वाटी, लाटणं, सगळं फरशीवर मांडून ठेवलेलं. आमचे हे मस्कतहून महिन्याच्या सुट्टीवर आले होते. नळाचं पाणी थोड्या वेळात जाणार होतं, सासूबाईंचं आंघोळीचं पाणी उकळत होतं, मानसीच्या डब्याची चपाती तव्यावर होती, आणि हे उकिडवे बसून मला सांगत होते, "हा तांब्या बघ. हा आपला फ्रेंचवाला. चेंडू तिकडे पेल्याकडे आहे, पण हा पेल्याकडे बघतच नाही. हा बघतोय वाटीकडे. कारण चेंडू आता वाटीकडे जाणार."

"आणि चपाती जळणार," मी म्हणाले, आणि तांब्या उचलून पाण्यात बुडवला.

"अगं, फ्रान्सचा बचाव गेला की!" हे ओरडले.

ओमानला जायचं ठरलं तेव्हा मला समुद्र नाही की वाळवंट नाही, ही सकाळ आठवली. आमचे हे वारले त्याला आता दोन वर्षं झाली. अशा सकाळी अजून आठवतात, आणि आठवल्या की आधी चपाती जळल्याचाच वास येतो.

या ब्लॉगवर मी एरवी वाचलेल्या पुस्तकांबद्दल लिहिते, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. हा लेख प्रवासाचा आहे. ज्यांना ओमानला जायचंय त्यांच्या उपयोगाचं मधे मधे सांगेनच. ज्यांना "डोळ्यांचं पारणं फिटलं" वगैरे हवं असेल त्यांना ते इंटरनेटवर भरपूर मिळेल.

जायचं कारण झालं एक फोन. इक्बालभाई हे ह्यांचे मस्कतमधले मित्र, मूळचे रत्नागिरीचे. मस्कतच्या हमरिया भागात त्यांचं शिवणसामानाचं दुकान आहे. बावीस वर्षं शुक्रवारच्या फुटबॉलमध्ये इक्बालभाई गोलकीपर आणि त्यांच्या पुढ्यात बचावाला आमचे हे, म्हणजे तिथले दत्ताभाऊ. फोनवर म्हणाले, "वहिनी, यंदाची स्पर्धा दत्ताभाऊंच्या नावाने. चषक तुमच्या हातून द्यायचा. नाही म्हणायचं नाही."

मी नाही म्हटलं नाही. चषक कशासाठी, हे मात्र विचारलं नाही. तिथेच फसले.

आता त्या फ्रेंचवाल्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही. मागे एकदा लिहिलं तर खाली प्रतिक्रियांमध्ये अशी जुंपली की माझा ज्ञानेश्वरीवरचा लेख त्यात वाहून गेला. एवढंच सांगते की तो एका बंदराच्या गावात वाढला, लहानपणी पुढे खेळायचा, भरपूर गोल करायचा. सतराव्या वर्षी प्रशिक्षकाने त्याला उचलून मागे बचावाला टाकलं, तर हा घरी जाऊन रडला. पुढे त्याच जागेवर तो तीन देशांत खेळला, फ्रान्सचा कर्णधार झाला. दोन्ही गुडघे गेले तरी खेळत राहिला. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत लोकांच्या लक्षात काय? एका मोठ्या सामन्यात डोक्याने मारलेला एक गोल. त्या गोलाचा फोटो जगभर लागलेला. बाकी वर्षानुवर्षं त्याने जे केलं त्याचा फोटो निघत नाही, कारण त्यात काही घडताना दिसत नाही.

मी शाळा शिकले दहावीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयात. इंग्रजीही मी या फ्रेंच माणसापायीच शिकले. ह्यांनी त्याच्यावरचं एक जाडं पुस्तक आणलं आणि स्वतः काही वाचलं नाही. "तू वाच आणि मला फोनवर सांग," म्हणाले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी दोन हिवाळे ते वाचत होते. त्यामुळे फुटबॉलमधलं मला काय कळतं, असं कुणी विचारलं की मला राग येतो. या प्रवासात तो बऱ्याचदा आला.

कोल्हापूरहून बसने मुंबई, मुंबईहून विमानाने मस्कत, तीन तासांच्या आत. बसला त्याच्या तिपटीहून जास्त वेळ लागतो. व्हिसा मानसीने तिकडून ऑनलाइन काढला. मानसी म्हणजे आमची मुलगी. ती अल खौदला राहते, तिथल्या विद्यापीठाजवळ. विमानतळावर माझ्या बॅगेतली कांदा-लसूण चटणी एका कर्मचाऱ्याने दोनदा हुंगली आणि सोडून दिली. त्यामुळे चटणी न्यायला हरकत नाही, पण तीन पिशव्यांत गुंडाळा.

पहिले दोन दिवस मानसीने मला आराम करायला लावला. विधवा बाईला सगळे आरामच सुचवतात. मी काय आजारी आहे? भिंतीवर तिने कागद चिकटवून माझा कार्यक्रम आखला होता: मोठी मशीद, निझवाचा किल्ला, समुद्रकिनारा, मॉल, मॉल.

"हमरिया कुठाय यात?" मी विचारलं.

"आई, हमरियात बघण्यासारखं काही नाही गं."

"तुझे बाबा बावीस वर्षं तिथे राहिले."

"म्हणून तर म्हणतेय."

माझी नात रेवा नऊ वर्षांची. ती म्हणाली, "आजी, मॉलमध्ये स्नो आहे. रिअल स्नो. यू विल लव्ह इट." मी म्हटलं, बाळा, बर्फ बघायचा तर फ्रीज उघडते.

तरी सांगायचं ते सांगते. मोठ्या मशिदीत सकाळी लवकर जा, डोक्यावर ओढणी आणि हात मनगटापर्यंत झाकलेले हवेत, नाहीतर दारातूनच परत. खरोखर सुंदर आहे, आणि सगळ्यात सुंदर म्हणजे शांत आहे. मॉलमध्ये जाताना स्वेटर न्या. अल खौदशेजारच्या सीबचा जुना बाजार मला आवडला. समुद्राला लागूनच मासळीबाजार, सुरमई आपल्या मांजराएवढी नाही, आपल्या मुलाएवढी. हलवा घेताना आधी चव मागा, ते हसत देतात. एक रियाल म्हणजे दोनशे रुपयांच्या वर, पण दर वेळी मनात गुणाकार करत बसाल तर चहासुद्धा गोड लागणार नाही. निझवाला जायला दीडेक तास, रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही. किल्ल्याच्या पायऱ्या मात्र उंच आहेत आणि वर चढल्यावर मानसी म्हणाली, "बघ, आराम केला असतास तर?" मी आधी पायरीवर बसून दम खाल्ला.

हमरियाला शेवटी मी एकटी गेले. अल खौदहून रुवीला सरकारी बस जाते, रियालच्या आत काम होतं. रुवीहून टॅक्सी, नारिंगी-पांढरी. पैसे आधी ठरवा. हमरिया म्हणजे अरुंद गल्ल्या, शिंपी, लाँड्री, न्हावी, केळी विकणारे, आणि प्रत्येक दुसऱ्या दारात मलबारी चहा. चहा शंभर-दीडशे बैसा (हजार बैशांचा एक रियाल) आणि बासुंदीसारखा दाट. परोट्यात बटाट्याचे वेफर्स चुरून गुंडाळून देतात. खायच्या आधी मी तोंड वाकडं केलं, खाल्ल्यावर दुसरा मागवला.

ह्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर. एका खोलीत चार माणसं. आता तिथे दुसरी चार माणसं आहेत, उत्तर प्रदेशची. त्यांनी मला आत बोलावलं, खाटेवरचे कपडे भराभर गोळा केले. फोनवर हे नेहमी सांगायचे, खिडकीतून डोंगर दिसतो. मी खिडकीशी गेले. समोर शेजारच्या इमारतीच्या एसीचे डबे आणि गळणारं पाणी.

"डोंगर कुठाय?" मी विचारलं.

"गर्दन बाहर निकालो, माताजी. और थोडा. हाँ, बायें."

काढली मान. डोंगर होता. तपकिरी, हाताएवढा. बावीस वर्षं मला वाटत होतं की माणूस उशीवर डोकं ठेवून डोंगर बघतोय. खोटं बोलले नव्हते, पण चिडायचं की काय करायचं ते मला तिथे उभं राहून कळेना. त्या पोरांनी थंड सरबत दिलं ते पिऊन खाली आले.

इक्बालभाईंच्या दुकानाबाहेर स्पर्धेचा बॅनर लागलेला. डावीकडे ह्यांचा फोटो, पासपोर्टचा, घाबरलेला. उजवीकडे आमचा फ्रेंचवाला, हवेत उडालेला, डोकं चेंडूवर. तोच गोल. मी डोक्याला हात लावला. खाली मोठ्या अक्षरात, 'सर्वाधिक गोल करणाऱ्यास दत्ताभाऊ स्मृती चषक'.

"इक्बालभाई, हे काय?"

"बॅनर, वहिनी. छान झालाय ना?"

"हे बचावाला खेळायचे."

"मला सांगताय? मी मागे उभा असायचो."

"मग त्यांच्या नावाचा चषक गोल करणाऱ्याला कसा?"

इक्बालभाईंनी दोऱ्याची रिळं उगाच सरळ केली. "लोकांना गोल कळतो, वहिनी. बचाव कोण मोजणार? आणि दत्ताभाऊंनीही मारलाय की गोल. अजून सगळे सांगतात. अर्ध्या मैदानावरून! सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

नव्हतं सांगितलं. दर शुक्रवारी फोनवर अख्खा सामना ऐकवणाऱ्या माणसाने हे सांगितलं नव्हतं.

"कशाला सांगेल?" इक्बालभाई हसायला लागले. "हा पुढे गेला, गोल मारला, सगळे नाचले. मागे जागा मोकळी. लगेच त्यांनी दोन मारले. आम्ही हरलो. दत्ता माझ्याशी आठवडाभर बोलला नाही."

"तुमच्याशी का?"

"मी हसलो म्हणून."

"मग तुम्हाला माहीत होतं त्यांना काय वाटायचं, आणि तरी हा बॅनर?"

त्यांनी बॅनरकडे बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, बॅनर छापून झाला, चषकावर पट्टी लागली. खलास. आता कोण ठरवणार चांगला बचाव कुणाचा?"

"मी ठरवीन."

"तुम्ही?"

"पुस्तक मी वाचलंय. बावीस वर्षं फोनवर ऐकलंय. पट्टी बदला."

"इन्शाल्ला," ते म्हणाले. तिथे राहणाऱ्यांना माहीत आहे, यल्ला, म्हणजे चला, म्हटलं तर काम निघालं. इन्शाल्ला म्हटलं तर घरी जाऊन झोपावं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सामने. पूर्वी हे लोक डोंगराखालच्या खडकाळ मातीत खेळायचे, गुडघे फोडून घ्यायचे. आता भाड्याचं हिरवं मैदान घेतात, प्लास्टिकच्या गवताचं. आठ-आठ जणांचे संघ: हमरिया, रुवी, सीब, अल खौद. रत्नागिरीची मुसलमान मंडळी, मुंबई-पुण्याचे कंपनीतले लोक, दोन-तीन कोल्हापूरचे. मैदानाच्या कडेला मधोमध माझ्यासाठी सोफा ठेवला होता, फुलं वगैरे लावून. मी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि गोलच्या मागे जाळीशी जाऊन बसले. लगेच तीन माणसं धावली. "वहिनी, तिथे चेंडू लागेल!" "काकू, तिथून काही दिसत नाही!"

"तिथूनच दिसतं," मी म्हटलं. रेवाही माझ्याजवळ येऊन बसली, मोबाइल घेऊन. मध्यंतराला संघ बाजू बदलत तशी मीही त्याच बचावामागे बसायला खुर्ची घेऊन पलीकडे जात होते. लोक हसत होते. हसू देत.

हमरियाचा सलीम म्हणून एक मुलगा गोलावर गोल मारत होता आणि प्रत्येक गोलानंतर कोलांटी मारत होता. छान खेळतो, काही म्हणणं नाही. पण माझं लक्ष सीबच्या प्रसादकडे गेलं. चाळिशीचा, पोट सुटलेला, चष्म्याला मागून नाडी बांधलेली. पुण्याचा. हिशेबखात्यात आहे म्हणे. जवळजवळ धावतच नव्हता. कोल्हापूरकर पोरं त्याला बाहेरून डिवचत होती, "ए पुणेकर, दुपारची झोप झाली काय?" "चहा आणू का सायेब, बसून घ्या!"

"आजी, हा अंकल काहीच करत नाही," रेवा म्हणाली. "ही इज जस्ट स्टँडिंग."

"चेंडूकडे बघू नकोस. त्याच्याकडे बघ. तो कुठे बघतोय?"

रेवाने मोबाइल खाली ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "तो त्या रेड शूजवाल्याकडे बघतोय. पण बॉल तर तिकडे आहे." आणि तेवढ्यात चेंडू लाल बुटांकडे आला. प्रसाद आधीच तिथे होता. चेंडू काढून घेतला, चष्मा सारखा केला. "आजी! हाउ डिड ही नो?"

मला त्या तांब्याची आठवण झाली.

उपांत्य सामन्यात सीब आणि हमरिया बरोबरीत. शेवटच्या मिनिटांत सीबचे सगळे पुढे गेलेले, सलीम चेंडू घेऊन सुटला, गोलकीपरच्या पुढ्यात फक्त प्रसाद. सलीमने गोलसमोर चेंडू दिला, तिथे दुसरा मोकळा उभा होता. प्रसादने घसरत जाऊन पाय घातला. चेंडू त्याच्या बुटाला लागून त्याच्याच जाळीत. स्वयंगोल. सीब हरलं.

मी हाताच्या अंतरावर होते. संघातला एक जण पुढून, चालत, येऊन ओरडला, "तुला मधे पाय घालायला सांगितलं कुणी?" प्रसाद गवतावर बसून चष्मा शोधत होता. जाळीतून मला दिसत होता, पण मला हात घालता येत नव्हता.

फ्रेंचवाल्याचं असंच झालं होतं, अगदी शेवटच्या वर्षात. गुडघे गेलेले, तरी मागे पळत आला आणि चेंडू त्याला लागून आत गेला. वर्तमानपत्रांनी फाडून खाल्लं. ते प्रकरण मी ह्यांना फोनवर वाचून दाखवलं आणि म्हटलं, बिचाऱ्याचं नशीब. हे चिडले. "नशीब कसलं? तिथे दुसरा कुणी होता का, सांग. जो मागे येतो त्याच्याच नावावर लागतो."

तेव्हा मी फोन ठेवून भांडी घासायला गेले. पण त्या जाळीमागे बसल्यावर मला दुसरंच दिसलं. बावीस वर्षं हे तिथे आणि मी इथे. सासूबाई स्नानघरात पडल्या तेव्हा "लक्ष कुठे होतं" हे मलाच विचारलं गेलं. मानसी बारावीला नापास झाली तेव्हा नणंदेने मलाच बोल लावला. छपराचं पाणी, दिराचं भांडण, सगळं माझ्या नावावर. कारण तिथे मी होते. आणि हे सगळं ज्या माणसाला सांगायचं तो पुढच्या सुट्टीत येऊन फरशीवर भांडी मांडून मला बचाव शिकवायचा. मला तेव्हा इतका राग यायचा. मला आजही येतो. पण कदाचित त्यांना सगळं दिसत होतं, आणि त्या तांब्या-वाटीशिवाय ते सांगायची दुसरी रीत त्यांच्याकडे नव्हती. विचारायला आता माणूस नाही.

अंतिम सामना हमरियाने जिंकला. चषक टेबलावर आला. बघते तर पट्टी तीच, 'सर्वाधिक गोल'.

"इक्बालभाई!"

"वहिनी, तो कोरणारा गावाला गेला. इन्शाल्ला पुढच्या वर्षी."

पट्टी दुहेरी चिकटपट्टीने लावलेली होती. मी मानसीकडून गाडीची किल्ली घेतली, टेबलाशी उभी राहून पट्टी उचकटली आणि पर्समध्ये टाकली. मानसी "आई, सगळे बघतायत" म्हणत राहिली. बघू देत, त्यासाठीच बोलावलंय. माइक घेऊन मी म्हटलं, "ज्यांच्या नावाचा हा चषक आहे ते बचावाला खेळायचे. म्हणून हा सीबच्या प्रसादला."

आधी कुणी टाळीच वाजवली नाही. मग मागून आवाज आला, "काकू, त्याच्यामुळेच तर हरले ते!" हशा पिकला. प्रसाद पुढे येईना. आला तर कानाशी म्हणतो, "मावशी, काहीतरी घोटाळा झालाय. तो गोल माझ्यामुळे झाला."

"तिथे दुसरा कुणी होता का?" मी विचारलं.

त्याने चष्मा सारखा केला. नाही, म्हणाला.

"मग घे."

टाळी पहिली वाजवली ती इक्बालभाईंनी. गोलकीपरच तो, त्याला कळलं. डोळे पुसत म्हणाले, "सलीमला मी दुकानातून काहीतरी देतो." मग सलीमनेच येऊन प्रसादला उचलायचा प्रयत्न केला. प्रसादचं वजन त्याला झेपलं नाही.

आता परत आले. लोक विचारतात, ओमान कसं आहे? रस्ते गुळगुळीत, माणसं मवाळ, उन्हाळ्यात चुकूनही जाऊ नका, डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. खिडकीतून डोंगर दिसतो, मान बाहेर काढावी लागते. माझ्याबरोबर आलं ते एवढंच: सीबचा हलवा, तो संपला, आणि ती पट्टी. ती मी शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर टाकली आहे. रेवाचा फोन आला होता. शाळेत तिने मागे खेळायचं ठरवलंय, पुढे नको म्हणाली. मानसी माझ्यावर वैतागली आहे.

कोल्हापुरात आयुष्य काढलं, पेठापेठांच्या फुटबॉल सामन्यांचा गोंगाट घरात बसून ऐकला, पण मैदानावर मी कधी गेले नव्हते. सामन्याच्या दिवशी घरात कुणीतरी लागायचं, आणि ते कुणीतरी मीच असायचे.

पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाणी भरलं, दाराला कुलूप लावलं, मैदानावर तिकीट काढलं आणि गोलच्या मागच्या बाजूला जाऊन बसले.